लष्कर पाठविण्याचा अधिकार कोणाचा?

(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत नंदगड येथे दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळून येथे छापले आहे.)



महोत्सवाच्या व्याख्यानास शिक्षण, आरोग्य, हुंडा, व्यसनमुक्ती असे विषय घ्यावयाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी लष्कर आणि पार्लमेंट हा विषय सांगितला तेव्हा आपले सेक्रेटरी क्षणभर गप्प झाले आणि ‘मास्तर, लोक बसतील ना?’ एवढेच त्यांनी विचारले. आपण बसला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

विषय वाटतो तितका दूरचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि आपल्या तालुक्यातील कितीतरी घरांतून मुले सैन्यात गेलेली आहेत. मुलगा रजेवर कधी येणार, हे त्या घरातील आईला तोंडपाठ असते. पण त्याला सरहद्दीवर किंवा सरहद्दीपलीकडे धाडावयाचे, हे कोण ठरवितो, त्यासाठी कोणाची मंजुरी लागते, हे विचाराल तर ती आईच काय, चांगले शिकलेले लोकही घोटाळतात. माझ्या वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना मी सांगितले की, राष्ट्रपती हे सेनादलांचे सर्वोच्च सेनापती होत. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘मग सर, ते एकटेच लढाई सुरू करू शकतात का?’ तिला मी त्या तासाला जे उत्तर दिले ते थोडक्यात होते. आज ते विस्ताराने देत आहे असे समजा.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेतो. आपल्या ट्रस्टच्या घटनेप्रमाणे ठरावीक रकमेवरचा खर्च सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय करता येत नाही. मात्र मृगाच्या पावसात वसतिगृहाचे छप्पर कोसळले, तर कार्यवाहाने सभेची वाट पाहत बसावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याने पत्रे आणावेत, गवंडी लावावेत, आणि पुढल्या सभेपुढे हिशेब मांडून मंजुरी घ्यावी. सभेने मंजुरी नाकारली तर काम तेथे थांबावे. यात अवघड असे काय आहे? आपले निरक्षर सभासदसुद्धा ही व्यवस्था बरोबर समजतात. पण रुपयांच्या बाबतीत आपण जी दक्षता घेतो ती माणसांच्या बाबतीत, म्हणजे लष्कर पाठविण्याच्या बाबतीत, जगातील फार थोड्या देशांनी इतक्या स्पष्टपणे कायद्यात लिहिलेली आहे. आणि ज्यांनी लिहिली त्यांनी ती पाळलीच असेही नाही.

या नंदगडात हा विषय काढावयाचा म्हणजे संगोळ्ळी रायण्णाचे नाव ओठांवर येणारच. जानेवारी १८३१ मध्ये कंपनी सरकारने त्याला येथेच फाशी दिले, आणि त्याच्या समाधीवरचा वड आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याआधी ऑक्टोबर १८२४ मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन कित्तूरच्या दारात उभा राहिला व तेथेच मारला गेला. डिसेंबरात कंपनीने मोठी फौज आणून कित्तूर घेतले. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारली. हा इतिहास आपण पोरांना शिकवितो. पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ज्या कंपनीने हे केले त्या कंपनीच्या हातात त्या वेळी विलायतेच्या पार्लमेंटने एक कायद्याची बेडी घातलेली होती.

तो कायदा १७८४ सालचा, पंतप्रधान पिट याने केलेला. हिंदुस्थानात मुलूख जिंकीत सुटणे हे इंग्रज राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, इभ्रतीविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध आहे, अशा आशयाचे शब्द त्यात आहेत. गव्हर्नर जनरलने कंपनीच्या डायरेक्टरांच्या स्पष्ट हुकुमावाचून येथील कोणत्याही राजाशी युद्ध सुरू करू नये, असा निर्बंध त्यात घातला होता. १७९३ च्या कायद्यात तोच पुन्हा घातला गेला. वाचून कोणासही वाटेल की झाले, आता कंपनीच्या तलवारीला म्यानात बसणे भाग आहे.

पण त्या कलमाला अपवाद होते. शत्रूने लढाई सुरू केली असेल, तिची प्रत्यक्ष तयारी चालविली असेल, किंवा ज्याच्या रक्षणाची हमी कंपनीने तहाने दिली आहे अशा दोस्तावर कोणी उठले असेल, तर हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. अपवाद वाजवी होते. आपल्या छपराच्या उदाहरणासारखेच. तथापि गव्हर्नर जनरल वेलस्ली याने काय केले पाहा. यशवंतराव होळकरापुढे पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाकडून ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह करून घेतला. त्या दिवसापासून पेशवा हा कंपनीच्या हमीतला दोस्त ठरला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ जमल्या, तो निजामही असाच हमीतला दोस्त. म्हणजे अपवाद पुरा झाला! ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर पडले, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. विलायतेहून परवानगी मागवावयाची तर पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्षाच्या आसपास काळ लागे. तोवर मराठ्यांचे राज्य निम्मे बुडाले होते. डायरेक्टर नंतर वेलस्लीवर रागावले, १८०५ मध्ये त्याला परतही जावे लागले. पण जिंकलेला मुलूख बहुतांशी कंपनीकडेच राहिला. कायदा मोडण्याची वेलस्लीला गरजच पडली नाही. त्याने कायद्यातील अपवाद हवा तेव्हा लागू होईल अशी परिस्थिती तहाने निर्माण केली. हे मी थोडे लांबवून सांगितले, कारण पुढे दोनशे वर्षे निरनिराळ्या देशांत हाच प्रकार पुनःपुन्हा घडलेला दिसतो.

१८५८ मध्ये कंपनी गेली, राणीचे राज्य आले, आणि कायद्यात दोन नवी कलमे आली. हिंदुस्थानात लढाई सुरू करण्याचा हुकूम सुटला तर तीन महिन्यांत तो पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना कळवावा. पार्लमेंट बसलेले नसेल तर ते पुन्हा बसल्यावर एका महिन्यात कळवावा. हे चौपन्नावे कलम. पंचावन्नावे अधिक महत्त्वाचे. परचक्र आलेले असेल तेवढे सोडून, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील मोहिमेचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकू नये. येथे तलवारीला सोडून थैलीला गाठ मारली आहे. युक्ती चांगली होती. पण नोव्हेंबर १८७८ मध्ये अफगाणिस्तानावर फौजा निघाल्या आणि पार्लमेंटची संमती घेतली गेली ती डिसेंबरात, लढाई जुंपल्यानंतर. फौज खिंडीत असताना खर्च नामंजूर करण्याची छाती कोणत्या सभागृहाला होईल? १९०४ मध्ये तिबेटवर सशस्त्र तुकडी गेली तिला नाव ‘मिशन’ असे दिले होते. तिच्याही खर्चाचा ठराव एप्रिलमध्ये, म्हणजे तुकडी तिबेटात शिरल्यानंतर, विलायतेत मंजूर झाला. पैसा मात्र येथील शेतसाऱ्याचा आणि मिठावरील कराचा. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना नामदार गोखल्यांनी लष्करी खर्चाच्या याच ओझ्यावर बोट ठेवले होते. गोखले कोल्हापुरात शिकलेले, म्हणजे आपल्या टापूतलेच म्हणावयाचे.

पुढे येथे कायदेमंडळे आली, निवडणुका आल्या, पण लष्करी खर्चावर मत देण्याचा हक्क काही आला नाही. १९१९ च्या कायद्याने तो खर्च मताबाहेर ठेवला आणि १९३५ च्या कायद्याने संरक्षण हे खाते व्हाइसरॉयच्या खास हाती राखून ठेवले. त्याचे फळ ३ सप्टेंबर १९३९ रोजी दिसले. व्हाइसरॉय लिनलिथगो याने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळ होते. त्याला विचारले नाही. त्याआधीच येथील पलटणी इजिप्त, एडन, सिंगापूरकडे रवाना झाल्या होत्या. याच मुद्द्यावर काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. मुंबई इलाख्याचे, म्हणजे त्या वेळी आपलेही, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ त्या नोव्हेंबरात गेले. न विचारता ज्या युद्धात ओढले गेलो त्यात पुढे पंचवीस लाखांच्या घरात हिंदी सैनिक उतरले. हे लक्षात ठेवा, कारण ज्यांनी आपली राज्यघटना लिहिली ती माणसे हा अपमान सोसूनच घटना समितीत बसली होती.

मग त्यांनी काय लिहिले? त्रेपन्नाव्या अनुच्छेदात सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले, आणि लागलीच पुढे म्हटले की, त्या आधिपत्याचा वापर कायद्याने नियमित केला जाईल. चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदाने राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मंत्रिमंडळ पंचाहत्तराव्याने लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. देशाचे संरक्षण, सेनादले आणि ‘युद्ध व शांतता’ हे विषय सातव्या परिशिष्टाच्या केंद्रीय सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर कायदा करण्याचा अधिकार पार्लमेंटचा. पैसा तर पार्लमेंटच्या मंजुरीवाचून निघतच नाही. संरक्षण खात्याची मागणी दरवर्षी लोकसभेपुढे मतास येते. तेव्हा वर्गातील त्या मुलीला उत्तर असे की, नाही, राष्ट्रपती एकटे काही करू शकत नाहीत.

पण तिने पुढचा प्रश्न विचारला नाही, तो मी विचारतो. मंत्रिमंडळ एकटे करू शकते का? याचे उत्तर होय असे आहे. लष्कर लढाईस पाठविण्यापूर्वी, किंवा पाठविल्यावर ठरावीक दिवसांत, लोकसभेचे मत घेतलेच पाहिजे असे घटनेत कोठेही नाही, आणि त्रेपन्नाव्या अनुच्छेदाने ज्या कायद्याला जागा करून ठेवली तो या बाबतीतला कायदा पार्लमेंटने केलेला नाही. सैन्याची शिस्त, नेमणुका, लष्करी न्यायालये यांचा कायदा १९५० चा आहे. दंग्याच्या वेळी मॅजिस्ट्रेटने लष्कर बोलाविले तर कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. म्हणजे बेळगावच्या चौकात लष्कर आणावयाचे तर लेखी नियम आहेत. कोलंबोस पाठवावयाचे तर नाहीत.

आणीबाणीचा अनुच्छेद तीनशे बावन्न हा पुष्कळांना याचे उत्तर वाटतो. तो आहे चांगला, विशेषतः १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा, एका महिन्यात दोन्ही सभागृहांची खास बहुमताने मंजुरी हवी, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा हवी. परंतु ही मंजुरी आणीबाणीची, लढाईची नव्हे. आणीबाणी जाहीर न करता लढाई करता येते आणि लढाई संपून गेल्यावरही आणीबाणी चालू ठेवता येते. १९६२ च्या ऑक्टोबरात पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती. १९६५ चे युद्ध तिच्याच पोटात होऊन गेले.

आता आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणे घेऊ. गोव्याचे घेतलेच पाहिजे, कारण त्या मोहिमेचा तळ बेळगाव होता. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालची सतरावी डिव्हिजन डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावच्या आसपास जमा झाली. आपल्या तालुक्यातील म्हाताऱ्यांनी अनमोडच्या घाटाकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांच्या रांगांचे वर्णन केलेले आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. १७ आणि १८ तारखांच्या मधल्या रात्री कारवाई सुरू झाली आणि १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नराने शरणपत्रावर सही केली. सुरक्षा समितीत निषेधाचा ठराव आला, तो रशियाने नकाराधिकाराने पाडला. दिल्लीत लोकसभेचे मत घेतले होते काय? नव्हते. पण लोकसभेला अंधारात ठेवले होते असे मात्र कोणी म्हणू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसहून अधिक माणसे मारली गेली तेव्हापासून हा प्रश्न सभागृहात सारखा गाजत होता, आणि डिसेंबरच्या आरंभी पंडितजींनी सहनशक्तीची सीमा झाल्याचे सांगितलेच होते. बॅरिस्टर नाथ पै, ज्यांचा बेळगावशी इतका जवळचा संबंध आणि ज्यांचा देहान्तही १९७१ मध्ये बेळगावातच झाला, ते त्या लोकसभेत होते. मत घेतले असते तर ते जवळजवळ एकमुखी पडले असते. कायदा मात्र मागाहून आला: बाराव्या घटनादुरुस्तीने मार्च १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव हे भारताचे क्षेत्र ठरले, आणि ते २० डिसेंबर १९६१ पासून ठरले असे मानावयाचे होते. आधी लष्कर, मग कायदा, आणि कायद्यावर तारीख मागची.

गोव्याचे उदाहरण देऊन काही मित्र मला म्हणतात, ‘बघा, मताची काय गरज होती?’ मी म्हणतो, गोव्यात गरज नव्हती हे खरे. पण नियम हा जेथे सर्वांचे एकमत आहे त्या प्रसंगासाठी करावयाचा नसतो. आपल्या ट्रस्टचे हिशेबतपासनीस तरी आपण प्रामाणिक खजिनदारासाठी नेमतो का?

हैदराबादचा विषय नाजूक आहे, आणि या सभेत तो टाळणे सोपे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत ती कारवाई पुरी झाली. रझाकारांचा उच्छाद थांबला, निजामाच्या जुलमातून प्रजा सुटली; आणि त्याबरोबरच मराठवाड्यात व कर्नाटकच्या काही भागांत असंख्य निरपराध गरीब मुसलमानांचे प्राण गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी सरकारच्या सांगण्यावरून त्या भागात फिरून अहवाल दिला, पण तो त्या काळी प्रसिद्ध झाला नाही. सर्वसामान्य अभ्यासकाला तो वाचावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास. कारवाई करावी की नाही यावर सभागृहात मत झाले असते तरी बहुधा कारवाई झालीच असती. परंतु जे सभागृह आधी संमती देते त्याला मागाहून ‘आमच्या संमतीने गेलेल्या फौजेमागे काय घडले ते सांगा’ असे विचारण्याचा हक्क अधिक भक्कमपणे प्राप्त होतो. माझ्या मते मताचा खरा उपयोग येथे आहे.

आणि नावाचीही एक गंमत पाहा. हैदराबादला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले. १९५० मध्ये कोरियात उतरताना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही तोच शब्द मान्य केला. तिबेटात ‘मिशन’, श्रीलंकेत ‘शांतिसेना’. ज्या देशाच्या कायद्यात ‘युद्ध’ या शब्दाला बंधन आहे तेथे तर तो शब्द कोणी उच्चारीतच नाही. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. तिने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ मध्ये. त्यानंतर त्या देशाच्या फौजा कोठे कोठे लढल्या हे मी सांगावयास नको.

१९६२ च्या युद्धात आपल्या पार्लमेंटने एक आदर्श घालून दिला, असे माझे मत आहे. चीनचा हल्ला चालू असतानाच राज्यसभेचे तरुण सभासद अटलबिहारी वाजपेयी यांनी अधिवेशन ठरल्या तारखेआधी बोलवा अशी मागणी केली, आणि पंडितजींनी ती मान्य करून ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरविले. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना आली, ती त्यांनी नाकारली. लोकसभेत १६५ सभासद बोलले. सरकारच्या चुकांवर सरकारच्या तोंडावर, आघाडीवर तोफा चालू असताना, टीका झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले, आणि २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी बसले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी आणलेला अविश्वासाचा ठराव हा लोकसभेच्या इतिहासातला पहिला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स यांचा अहवाल सभागृहापुढे ठेवला गेला नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी त्याचा सारांश तेवढा निवेदनात सांगितला. सभागृहाची सत्ता तेथे थांबली.

त्याच वाजपेयींच्या हाती सदतीस वर्षांनी सत्ता होती तेव्हा कारगिल घडले. एप्रिल १९९९ मध्ये त्यांचे सरकार एका मताने पडले, लोकसभा विसर्जित झाली आणि काळजीवाहू सरकार असताना मे ते जुलै ही लढाई लढली गेली. मरण पावलेल्या जवानांची संख्या पाचशेच्या वर. लोकसभा अस्तित्वातच नव्हती. राज्यसभा होती, ती कधी विसर्जित होत नाही. तिचे खास अधिवेशन बोलवा अशी मागणी विरोधकांनी केली, ती मानली गेली नाही. आपल्या भूमीतून शत्रूला हुसकावण्यास कोणाच्या मताची गरज नव्हती हे मलाही मान्य आहे. ते कोसळलेले छप्परच होते. नियंत्रणरेषा ओलांडावयाची नाही, हा सरकारचा निर्णयही शहाणपणाचा ठरला. परंतु १९६२ मध्ये जे मागणे योग्य होते ते १९९९ मध्ये अयोग्य कसे झाले? पक्ष कोणताही असो, विरोधी बाकावर बसलेला माणूस अधिवेशन मागतो आणि सरकारी बाकावर गेला की त्याला गुप्ततेची आठवण होते. म्हणूनच ही गोष्ट माणसाच्या स्वभावावर न सोडता कायद्यात लिहावी लागते.

श्रीलंकेचे मात्र छपराचे उदाहरण नव्हते. २९ जुलै १९८७ रोजी करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या पलटणी परक्या बेटावर उतरू लागल्या. शांतता राखण्यास गेलेली सेना दोनअडीच महिन्यांत लढाईत गुंतली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेहून अधिक जवान तेथे पडले होते. पाठविताना लोकसभेचे मत नाही, आणि इतक्या काळात एकदाही ‘आणखी सहा महिने राहू द्यावयाची का?’ असे सभागृहाला विचारणे बंधनकारक नव्हते. चर्चा झाल्या, प्रश्न विचारले गेले. चर्चा करणे आणि मत देणे यांत फरक आहे. मत दिलेल्या सभासदाला पुढल्या निवडणुकीत जाब विचारता येतो.

उलट २००३ पाहा. अमेरिकेने इराकवर हल्ला केला, आणि एप्रिलमध्ये, मनोहर जोशी अध्यक्षस्थानी असताना, लोकसभेने एकमताने ठराव केला. त्या ठरावातील हिंदी शब्द ‘निंदा’ होता, इंग्रजी त्याहून सौम्य होता. दोन्ही बाजूंनी आपापला शब्द वाचला. पण जेव्हा भारतीय फौज इराकमध्ये पाठवावी असा आग्रह बाहेरून झाला, तेव्हा त्या ठरावाचे वजन सरकारला जाणवले, आणि जुलैमध्ये सरकारने नकार दिला. कायद्याने तो ठराव बंधनकारक नव्हता. तरी कित्येक आयांची मुले एका परक्या युद्धातून वाचली, असे मी मानतो.

इतर देशांचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेने व्हिएतनामचे चटके बसल्यावर १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकार डावलून कायदा केला: फौज पाठविल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत काँग्रेसला कळवावे, आणि साठ दिवसांत संमती मिळाली नाही तर फौज काढून घ्यावी, त्यासाठी फार तर आणखी तीस दिवस. चांगला कायदा, पण जवळजवळ प्रत्येक अध्यक्षाने त्यातून वाट काढली. आणि संमती मिळाली म्हणजे शहाणपण मिळाले असेही नव्हे. १९६४ मध्ये व्हिएतनामसाठी प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नव्हते. २००१ मध्ये ४२० विरुद्ध १ मताने जी मुभा दिली गेली तिच्यावर पुढे वीस वर्षे निरनिराळ्या देशांतील कारवाया चालल्या. ते एक मत बार्बरा ली या बाईंचे. इंग्लंडात युद्धाचा अधिकार नावाने अजून राजाचा आहे, पण २००३ मध्ये इराकसाठी सभागृहाचे मत घेतले गेले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियासाठी मत घेतले तेव्हा २७२ विरुद्ध २८५ असा सरकारचा पराभव झाला. पंतप्रधानांनी तो त्याच रात्री मान्य केला. जर्मनीत तर १९९४ पासून तेथील घटना-न्यायालयाच्या निर्णयाने परदेशी सशस्त्र फौज धाडण्यास लोकसभेची संमती आवश्यकच आहे. तो देश त्यामुळे दुबळा झालेला नाही.

आपल्यातील बुजुर्गांना उहुदच्या लढाईची हकीकत ठाऊक आहे. मदिनेत राहून लढावे की बाहेर पडावे, यावर पैगंबरसाहेबांनी साथीदारांचा सल्ला घेतला, स्वतःचा कल निराळा असून बहुतांचे ऐकले, आणि त्या दिवशी मुसलमानांचे फार नुकसान झाले. तरी सल्ला घेण्याची रीत त्यानंतर सोडली गेली नाही. उलट ती चालू ठेवण्याचीच आज्ञा आली. विचारल्याने विजय मिळतो असा माझा दावा नाही. ज्यांच्या मुलांचे रक्त सांडावयाचे त्यांच्या प्रतिनिधींना विचारलेले असावे, एवढाच आहे.

मग आपल्याकडे काय असावे? मी कायदेपंडित नाही. एक शिक्षक म्हणून जे सुचते ते सांगतो. देशावर हल्ला झाला तर सरकारने एक क्षण थांबू नये, आणि त्या बाबतीत कायद्याने त्याचे हात बांधू नयेत. पण फौज देशाबाहेर लढण्यास किंवा ‘शांतता’ राखण्यास पाठवावयाची असेल, तर ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे लेखी निवेदन यावे, लोकसभेचे नावनिशीवार मत व्हावे, आणि आणीबाणीप्रमाणेच दर सहा महिन्यांनी ते नव्याने व्हावे. लोकसभा विसर्जित असेल तर राज्यसभा बोलवावी. मोहीम संपल्यावर वर्षाच्या आत तिचा अहवाल, गुप्त भाग वगळून, सभागृहापुढे ठेवावा. आणि कारवाईला नाव काहीही दिले तरी हे बंधन लागू व्हावे, अशी व्याख्या त्यात असावी; वेलस्लीचा धडा एवढ्यासाठीच मी सांगितला. यासाठी घटना बदलावी लागत नाही. त्रेपन्नाव्या अनुच्छेदात जागा राखलेली आहे. गुप्ततेचा मुद्दा मला समजतो. पण तारीख आणि मार्ग गुप्त ठेवता येतात. देश लढाईत आहे ही गोष्ट गुप्त कोठे राहते?

असा कायदा सरकारने आणला तर उत्तम. न आणल्यास कोणाही खासदाराला खाजगी विधेयक मांडता येते. नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी असेच खाजगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही, पण त्यावर देशभर चर्चा झाली आणि १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीत त्याचाच विचार उतरला. आपला खानापूर तालुका जिल्ह्याने बेळगावात असला तरी लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. पुढल्या निवडणुकीत उमेदवार नंदगडच्या बाजारपेठेत येतील, रस्त्याबद्दल आणि पाण्याबद्दल आपण त्यांना विचारालच. त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारा आणि त्यांचे उत्तर ट्रस्टच्या वाचनालयातील वहीत लिहून ठेवा. राज्यघटनेची मराठी प्रत तेथे आहे. त्रेपन्न आणि तीनशे बावन्न या अनुच्छेदांच्या पानांवर मी खुणेच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत.